चार हजार फुटांची यादी

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर आहे आणि नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत उंच शिखराचे नाव मार्सी. त्याची उंची १६२९ मीटर, म्हणजे कळसूबाईहून किंचित कमीच. मार्सीच्या माथ्यावर देऊळ नाही, देवता नाही. तरीही दर उन्हाळ्यात बारा-चौदा वर्षांची मुलेमुली पाठीवर पिशव्या बांधून तेथे चढतात, खाली आल्यावर वहीतील एका नावापुढे खूण करतात आणि पुढच्या शिखराचे बेत आखू लागतात. त्या वहीत एकंदर ४६ नावे असतात. ती सर्व शिखरे जो पायी चढेल त्याला त्या मुलखात ‘फॉर्टी-सिक्सर’ म्हणतात. ही यादी कशी निर्माण झाली, तिने माणसांना काय दिले आणि डोंगरांचे काय केले, ही हकीगत कोठल्याही डोंगराळ मुलखातील लोकांनी समजून घ्यावी अशी आहे.

ही शिखरे अ‍ॅडिरॉन्डॅक नावाच्या पर्वतप्रदेशात आहेत. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे चारशे किलोमीटरांवर हा अरण्याचा, सरोवरांचा आणि पाणथळ दऱ्यांचा मुलूख पसरलेला आहे. हडसन नदीचा उगम मार्सीच्या कुशीतील एका लहानशा तळ्यात मानला जातो. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडीने ही अरण्ये उजाड होऊ लागली, तेव्हा नद्यांचे आणि कालव्यांचे पाणी आटेल ह्या भीतीने राज्याने १८८५ साली वनरक्षणाचा कायदा केला. पुढे १८९४ साली, राज्याच्या मालकीची ही वने सदासर्वकाळ वन्य स्थितीतच राखली जातील, असे कलम राज्यघटनेतच घालण्यात आले. ते कलम करणाऱ्या घटनापरिषदेत लुई मार्शल नावाचे एक नामांकित वकील सभासद होते. त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण पुढे येईलच.

अमेरिकेत शाळांची मोठी सुट्टी जून अखेरपासून ऑगस्टपर्यंत असते. त्या सुट्टीत मुलांना काही आठवडे रानातील शिबिरात पाठविण्याची प्रथा तेथे शंभराहून अधिक वर्षांची आहे. कॅम्प डडली हे त्यांतील अगदी जुन्या शिबिरांपैकी एक. ते १८८५ साली सुरू झाले, आणि आज अ‍ॅडिरॉन्डॅकच्या पूर्व कडेला, शँप्लेन सरोवराच्या काठी भरते. अशा शिबिरांत मुले पोहतात, नाव वल्हवितात, चूल पेटविण्यास शिकतात आणि आपल्याहून थोड्याच मोठ्या असलेल्या मार्गदर्शकांबरोबर दोन-तीन दिवसांच्या डोंगरयात्रेस निघतात. रात्रीचा मुक्काम बहुधा ओंडक्यांच्या निवाऱ्यात असतो. त्याला तीन बाजूंनी भिंती असतात, चौथी बाजू मोकळी असते. वाट चिखलाची, मुळांची आणि ओल्या शिळांची. उन्हाळ्याच्या आरंभी बारीक काळ्या माश्या चावून बेजार करतात. काही शिखरे इतकी आडबाजूला आहेत की जाऊन येऊन पंचवीस-तीस किलोमीटरांची चाल होते. एका सुट्टीत दहा-बारा शिखरे झाली तरी पुष्कळ, आणि म्हणूनच एखाद्या मुलाची यादी पूर्ण व्हावयास चार-पाच उन्हाळे सहज लागतात.

यादीचा आरंभही एका सुट्टीतच झाला. लुई मार्शल ह्यांच्या कुटुंबाचे एक उन्हाळी घर सॅरनॅक सरोवराच्या काठी होते. त्यांचे पुत्र रॉबर्ट आणि जॉर्ज ह्यांना रानाचा विलक्षण नाद. १९१८ सालच्या १ ऑगस्टला, रॉबर्ट सतरा वर्षांचा आणि जॉर्ज चौदा वर्षांचा असताना, दोघे हर्बर्ट क्लार्क ह्या वाटाड्याबरोबर व्हाइटफेस शिखरावर चढले. क्लार्क तेव्हा पन्नाशीकडे झुकला होता. मुलांना नाव वल्हविणे, मासे पकडणे आणि रानात वाट काढणे ह्यांचे धडे त्यानेच दिले होते. चढाई झाल्यावर तिघांनी नकाशा पुढे पसरला आणि चार हजार फुटांहून उंच अशी किती शिखरे ह्या मुलखात आहेत, ते मोजण्यास आरंभ केला. एक शिखर दुसऱ्याहून वेगळे केव्हा मानावयाचे, हा प्रश्न निघालाच. तेव्हा असा नियम ठरला की, शिखर सर्व बाजूंनी निदान तीनशे फूट वर आलेले असावे, अथवा जवळच्या अधिक उंच शिखरापासून ते पाऊण मैल दूर असावे.

रॉबर्टने १९२२ साली ह्या शिखरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. तीत ४२ शिखरे होती. पुढे आणखी चार शिखरे नियमात बसतात असे दिसून आले, आणि १० जून १९२५ रोजी एमन्स शिखरावर तिघांची सारी ४६ शिखरे पूर्ण झाली. त्या काळी ह्यांपैकी कित्येक शिखरांना आखलेली वाटच नव्हती. झाडीतून, वाऱ्याने आडव्या पडलेल्या खोडांवरून, होकायंत्र पाहत जावे लागे. रॉबर्ट मार्शल पुढे वनाधिकारी झाला आणि १९३५ साली ‘वाइल्डरनेस सोसायटी’ ही अरण्यरक्षणाची संस्था स्थापन करणाऱ्यांत तो प्रमुख होता. १९३९ साली, केवळ अडतीस वर्षांचा असताना, तो मरण पावला. आज ४६ शिखरांपैकी एकाला मार्शलचे नाव आहे, आणि त्याच शिखराच्या उतारावरून वाहणाऱ्या ओढ्याला हर्बर्टचे.

तिघांची ही हौस लोकांची झाली ती ट्रॉय गावामुळे. हडसनकाठच्या ह्या औद्योगिक नगरातील मेथॉडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक रेव्हरंड अर्नेस्ट रायडर आणि त्यांच्या मंडळीतील एडवर्ड हुडोवाल्स्की ह्यांच्या हाती रसेल कार्सन ह्यांचे १९२७ साली प्रसिद्ध झालेले, ह्या शिखरांचा इतिहास सांगणारे पुस्तक आले. त्यातील यादी पाहून त्यांनी चढण्यास आरंभ केला आणि १९३६ साली दोघांनी ती पूर्ण केली. पुढच्याच वर्षी एडवर्डच्या पत्नी ग्रेस हुडोवाल्स्की ह्यांनी शेहेचाळिसावे शिखर गाठले. यादी पूर्ण करणाऱ्या त्या नवव्या व्यक्ती आणि पहिल्या महिला. ट्रॉयच्या ह्या मंडळातूनच १९४८ साली ‘अ‍ॅडिरॉन्डॅक फॉर्टी-सिक्सर्स’ ही संस्था उदयास आली, आणि ग्रेसबाई तिच्या इतिहासलेखिका झाल्या.

ग्रेसबाईंचे कार्य ध्यानात घेण्याजोगे आहे. १९२२ साली, किशोरवयात, त्या प्रथम मार्सीवर निघाल्या, तेव्हा वडिलांनी त्यांना समजावले होते की, माथा गाठला की नाही ह्याला फारसे महत्त्व नाही. चढाई कशी केली, हे महत्त्वाचे. हे वचन त्यांनी आयुष्यभर जपले, इतकेच नव्हे तर संस्थेच्या कारभारात मुरविले. यादी पूर्ण करू इच्छिणाऱ्याने प्रत्येक चढाईनंतर त्यांना पत्र लिहावे, असा प्रघात पडला. हवा कशी होती, सोबत कोण होते, काय पाहिले, कोठे चुकले, हे त्यात यावे. आलेल्या प्रत्येक पत्राला ग्रेसबाई उत्तर देत. असा पत्रव्यवहार अनेक दशके चालला आणि पत्रांची संख्या हजारोंवर गेली. शिबिरातील एखादा मुलगा केवळ शिखराचे नाव आणि तारीख कळवून मोकळा होऊ पाही, तर त्याला उलट टपाली प्रश्न येत. पत्र लिहावयाचे आहे हे ठाऊक असले की, माणूस वाटेवर डोळे उघडे ठेवून चालतो. नोंद ठेवण्याच्या ह्या साध्या युक्तीने आकड्याच्या मागे धावणाऱ्या मुलांना डोंगराकडे पाहण्यास शिकविले.

मधल्या काळात एक मौजेची अडचण उभी राहिली. मार्शल बंधूंनी वापरलेले नकाशे जुने होते. १९५० च्या दशकात नवे सर्वेक्षण झाले, तेव्हा यादीतील चार शिखरे चार हजार फुटांना पुरी पडत नाहीत असे आढळले. त्यांतील कूकसक्रागा हे तर ३८२० फुटांचेच निघाले, आणि नेमके तेच अत्यंत आडवाटेचे, दलदल ओलांडून गाठावयाचे शिखर! उलट, यादीत नसलेला मॅकनॉटन त्या मोजणीत चार हजार फुटांची बरोबरी करतो असे दिसले. आता यादी दुरुस्त करावी काय? संस्थेने ती आहे तशीच ठेवली. पहिल्या तिघांनी जी वाट चालून दाखविली तीच पुढच्यांनी चालावी, हा त्यामागील विचार. स्कॉटलंडची रीत ह्याच्या उलट आहे. तेथे सर ह्यू मन्रो ह्यांनी १८९१ साली तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी प्रसिद्ध केली. नव्या मोजणीनुसार तीत फेरफार होत आले असून २०१२ पासून ती संख्या २८२ आहे. गंमत अशी की, स्वतः मन्रो १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांची यादी पुरी झाली नव्हती. दोन्ही रीतींना आपापले समर्थन आहे. मात्र अ‍ॅडिरॉन्डॅकच्या निर्णयातून एक गोष्ट उघड होते. चार हजार हा आकडा एक निमित्त होता, आणि तो निमित्तच आहे हे त्याच्या उपासकांना ठाऊक होते. व्हाइटफेसच्या माथ्यालगत १९३५ सालापासून मोटाररस्ता गेलेला आहे. तथापि मोटारीतून वर गेलेल्याचे ते शिखर यादीत धरले जात नाही.

परंतु निमित्तालाही परिणाम असतात. १९३७ साली नऊवर असलेला आकडा पुढे दहा हजारांच्याही पलीकडे गेला. जेथे वाट नव्हती तेथे गुरांच्या कळपाने पाडाव्यात तशा दहा-दहा पायवाटा पडल्या आणि पावसाळी पाण्याने त्यांच्या घळी झाल्या. सर्वांत मोठा घाव बसला तो माथ्यांना. सुमारे पाच हजार फुटांच्या आसपास ह्या डोंगरांवर झाडी संपते आणि खडकावरील बोटभर मातीत खुरटी झुडपे, गवते आणि शेवाळ तेवढे तगून राहते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या, त्या काळापासून मागे राहिलेल्या ह्या वनस्पती. त्यांचे भाईबंद आज दूर उत्तरेच्या हिमप्रदेशात आढळतात. सर्व माथे मिळून त्यांचे क्षेत्र दोनशे एकरही भरत नाही. वर्षातून थोडेच महिने वाढणाऱ्या अशा झुडपावर चार-दोन पावले पडली की ते मरते, मुळे सुटतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून खडक उघडा पडतो. माथा गाठल्याच्या आनंदात मुले जेथे धावत, पसरत आणि डबे उघडीत, तेथेच हा नाश होत होता. ज्यांना डोंगर प्रिय, त्यांच्याच पायांनी तो झिजत होता.

ह्यावर बंदीचा उपाय सुचणे स्वाभाविक होते. संस्थेने मात्र आपल्या सभासदांनाच कामाला लावले. एडविन केचलेज हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक स्वतः फॉर्टी-सिक्सर होते. उघड्या पडलेल्या मातीवर साधे गवत पेरून ती आधी धरून ठेवावी, म्हणजे मूळच्या वनस्पती हळूहळू तेथे परततात, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. त्यांच्या सांगण्यावरून गिर्यारोहकांनी बियाणे आणि खत पाठीवर वाहून माथ्यावर नेले. १९८९ सालापासून उन्हाळ्यात मोठ्या शिखरांवर राखणदार उभे राहू लागले. ते दंड करीत नाहीत. येणाऱ्या प्रत्येक तुकडीला पायाखालचे झुडूप दाखवितात, त्याचे वय सांगतात आणि उघड्या खडकावरूनच चालण्याची विनंती करतात. वाट नसलेल्या शिखरांवर पडलेल्या अनेक पायवाटांपैकी एकच राखून बाकीच्या बुजविण्याचे काम सभासदांनी अंगावर घेतले. राज्यानेही नियम केले: दिवसाच्या तुकडीत पंधराहून अधिक आणि रात्रीच्या मुक्कामात आठांहून अधिक माणसे नसावीत. मोठमोठे जथे घेऊन जाणाऱ्या शिबिरांना आपली रीत बदलावी लागली. पूर्वी काही शिखरांवर नावे नोंदविण्यासाठी डबे टांगलेले असत. रानात मानवी वस्तू नको म्हणून तेही २००१ च्या सुमारास काढण्यात आले. आता तेथे पोचल्याचा पुरावा म्हणजे चढणाऱ्याचा शब्द.

महाराष्ट्रातील वाचकाला ह्यावरून साताऱ्याजवळच्या कास पठाराची आठवण व्हावी. तेथेही कातळावरच्या पातळ मातीच्या थरात फुले उमलतात, तीही पाहावयास येणाऱ्यांच्या पायाखाली तुडविली जाऊ लागली होती, आणि तेथेही येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. सह्याद्रीच्या गडांवर आणि हिमालयाच्या वाटांवर आज भारतातील तरुण मोठ्या संख्येने जात आहेत. अमुक इतके गड, तमुक इतकी शिखरे, अशा याद्या त्यांच्याही वहीत तयार होत आहेत. त्यात गैर काही नाही. घरात बसलेल्या मुलाला बाहेर काढावयास आकड्याइतके प्रभावी साधन क्वचितच सापडेल. सतरा आणि चौदा वर्षांच्या दोन मुलांनी नकाशावर बोट फिरवून केलेल्या यादीने तेवढे काम निःसंशय केले.

परंतु वहीतील शेवटची खूण झाल्यावर माणूस काय करतो, ह्यावरच त्या यादीचे मोल ठरते. अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये ज्यांची ४६ शिखरे पुरी झाली, त्यांतील कित्येक जण पुन्हा त्याच वाटांवर दिसतात. त्यांच्या खांद्यावर आता कुदळ असते. चिखलाच्या वाटेत ते दगड बसवितात, पाण्याला आड वाट काढून देतात, आणि मागून येणाऱ्या शिबिरातील मुलांना बाजूला न उतरता मधूनच चालण्यास सांगतात. त्या कामाची शिखरांसारखी यादी होत नाही, आणि ते कधी संपतही नाही.