आयोडीनने हळद निळी झाली, म्हणजे भेसळ का?

तायांनो, अलिबागजवळच्या आपल्या एका गटाची हळद दुकानदाराने परत पाठवली. मोबाईलवर बघून त्याने हळदीवर आयोडीन टाकलं, निळा-काळा रंग आला आणि म्हणाला, "पीठ मिसळलंय!" गटातल्या ताया रडवेल्या झाल्या. हळकुंडं त्यांनी स्वतः निवडून दळून आणली होती.

चूक चाचणीची होती. आयोडीनने स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग कळतो, आणि हळदीच्या कंदात तो मुळातच असतो. तांदूळ, नाचणी, पोह्याचे पापड, सगळे निळेच होणार. ही चाचणी दूध, खवा, पनीर यांच्यासाठी, कारण त्यांत स्टार्च नसतोच. चमचाभर दुधात दोन चमचे पाणी घालून उकळा, पूर्ण गार होऊ द्या (गरम असताना रंग टिकत नाही, इथेच बऱ्याच जणी फसतात), मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पीठ आहे. ते दूध ओतून द्या, मांजरालाही घालू नका.

हळद ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून बघा. चांगली हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते, रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

सुकटीतलं प्रथिन ओळखायला मोरचूद आणि कॉस्टिक सोडा लागतो, जांभळा रंग येतो. पण कॉस्टिकने कातडी भाजते, तेव्हा ते शाळेच्या प्रयोगशाळेतच बघू.

त्या दुकानात आम्ही अख्खं हळकुंड फोडून आयोडीन टाकलं. तेही निळं झालं. हळद त्याने ठेवून घेतली.