शेवटचं वीतभर अंतर

ज्वारीची भाकरी मोडून खाणं किती अवघड, ते आपल्या लक्षातच येत नाही. एका हाताने भाकरी दाबायची, दुसऱ्याने तुकडा तोडायचा, आमटीत बुडवायचा आणि गळायच्या आत तोंडात घालायचा. सातारा-सांगलीकडचं हे रोजचं जेवण. पण बौद्धिक दिव्यांग मुलाला यातली एकेक पायरी सुटी शिकावी लागते. विशेष शाळेतल्या बाई ती शिकवतात जेवणाच्या सुट्टीत. माझ्या मते शाळेतला सगळ्यात मोलाचा तास तोच.

या कसबाला शास्त्र आहे. चेन्नईत तयार झालेल्या ‘मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम’मध्ये १८ विभागांत ३६० कौशल्यं मांडली आहेत आणि जेवणाला त्यात स्वतंत्र विभाग आहे. १९८४ साली सुरू झालेल्या सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेनेही पालकांसाठी स्वावलंबनाच्या पुस्तिका काढल्या.

शिकवणं मात्र शेवटाकडून सुरू होतं. बाई मुलाच्या हातावर आपला हात ठेवून वरणभात कालवतात, घास करतात, ओठांजवळ नेतात आणि तिथे हात सोडतात. उरलेलं वीतभर अंतर मुलाचं. केलेल्या कामाचं फळ लगेच तोंडात! ते जमलं की हात छातीपाशीच सुटतो, पुढे ताटापाशी. कालवणं सगळ्यात शेवटी.

साधनं घरातलीच. उभ्या काठाचं ताट असलं की ढकललेला भात बोटांवर येतो. ताटाखाली ओला फडका घातला की ते सरकत नाही. चमच्याची दांडी बारीक असेल तर चिंधी गुंडाळून जाड करायची. नीट चावणाऱ्या मुलाला चिमटीच्या सरावासाठी भडंगासारखा दुसरा खाऊ नाही. शेंगदाणे तेवढे काढून टाकायचे.

बसताना पाय टेकलेले, पाठ सरळ, मान मागे गेलेली नको. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावं. गिळण्याचा त्रास सवयीने जात नाही.

खरी अडचण घरी येते. सांडतं, उशीर होतो, शिवाय माया. म्हणून आई भरवते, आजी भरवते. मुलगा वीस वर्षांचा झाला तरी भरवणं सुटत नाही. भाकरी हवी की भात, हेही त्याला कुणी विचारत नाही, आणि हे मला सांडण्यापेक्षा जास्त खटकतं.

आईबाबांनो, रविवारी घाई नसते. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, काय हवं ते त्याला विचारा आणि निदान शेवटचा घास त्याचा त्याला घेऊ द्या.