मुसलमानांचे मरियमपुत्र ईसा

मार्गशीर्षातील दत्तजयंतीच्या मागेपुढे नाताळचा सण येतो आणि पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. या दिवसांत शहापूर-मुरबाडकडील गावांतून कीर्तनाची आमंत्रणे आम्हांस येत असतात. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत जेथे जेथे नारदांच्या गादीवर उभे राहण्याचे भाग्य लाभले, तेथील श्रोत्यांनी आम्हांस ऐकून घेतले, तसे शिकविलेही. त्यांपैकी एका श्रोत्याचे ऋण आज नाताळच्या निमित्ताने भाविक वाचकांपुढे मान्य करावयाचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरबाड तालुक्यातील एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. ईश्वर एक, नामे अनेक, हा पूर्वरंगाचा विषय. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणून गेलो, "ख्रिस्ती लोक ज्या येशूला देव म्हणून भजतात, त्यालाच मुसलमानही देव मानतात. मग भेद उरला कोठे?" श्रोते प्रसन्न झाले, आम्हीही झालो. उत्तररंग झाला, आरती झाली, प्रसाद वाटला गेला. मंडप रिकामा होऊ लागला तेव्हा कडेला बसलेले एक वृद्ध कोकणी मुसलमान गृहस्थ पुढे आले. सारा गाव त्यांना चाचा म्हणत असे. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बुवा, तुमचं कीर्तन मी दरसाल ऐकतो. आज एक गोष्ट चुकली. हजरत ईसा आमचे पैगंबर. त्यांचं नाव घेतलं की आम्ही सलाम म्हणतो. पण त्यांना देव नाही म्हणत. तसं म्हटलं, तर आमचा धर्मच राहत नाही. तुम्ही मायेनं बोललात, हे मला कळतं. पण उद्या कुणी मला विचारलं, तर मी बुवांना खोटं म्हणू, की माझ्या इमानाला?"

आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गादीवरून चूक दुरुस्त करण्याचा मनोदय आम्ही सांगितला, तेव्हा सप्ताहाच्या मंडळींपैकी एक जण म्हणाले, "बुवा, कशाला उकरून काढता? कुणाच्या लक्षातही नाही." आम्ही म्हटले, "ज्यांच्या लक्षात आहे, त्यांच्यासाठीच सांगायचे." मंगलाचरण होताच आम्ही आदल्या दिवसाचे विधान मागे घेतले. चाचा नेहमीच्या जागी बसले होते. त्यांनी नुसती मान हलविली. त्यानंतर हा विषय आम्ही भाषांतरांच्या आधारे आणि जाणत्यांना विचारून यथाशक्ति अभ्यासिला. त्याचे सार असे.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू हा देवाचा पुत्र. मानवदेह धारण करून तो आला, मनुष्यमात्राच्या पापांसाठी त्याने क्रूसावर प्राण दिला आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला. ही कथा मराठीस नवी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’त ती मराठी ओवीत आणली. इस्लामही याच महात्म्याचा गौरव करतो, परंतु वेगळ्या रीतीने.

कुराणात येशूंचे नाव ईसा असे येते, आणि बहुधा त्याला जोडूनच ‘मरियमपुत्र’ हे विशेषण येते. ही मरियम, म्हणजे ख्रिस्ती बांधवांची मारिया, कुराणात नावाने उल्लेखिलेली एकमेव स्त्री होय. एकोणिसाव्या अध्यायास तिचेच नाव आहे. ती कुमारिका असताना देवदूताने तिला पुत्रजन्माची वार्ता सांगितली. पुढे ती एकान्तात गेली. प्रसूतिवेदनांनी व्याकूळ होऊन खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी बसली असता तिच्या पायांशी झरा वाहू लागला आणि झाडाने ताजी फळे दिली. बाळाला घेऊन ती स्वजनांत परतली, तेव्हा लोकांनी दूषणे दिली. तिने मौन धरले होते. तिने केवळ बाळाकडे बोट दाखविले आणि पाळण्यातील ते बालक बोलू लागले. आपण ईश्वराचे दास आहोत आणि त्याने आपणांस पैगंबर केले आहे, असे त्याने सांगितले. मातेची लाज राखणारे हे पहिले शब्दच पुढील साऱ्या सिद्धान्ताचे बीज आहेत.

कारण यानंतर जे जे चमत्कार कुराण सांगते, त्या प्रत्येकाच्या मागे एक अट आहे. ईसांनी मातीचा पक्षी घडवून त्यात फुंकर घातली आणि तो सजीव झाला. त्यांनी जन्मांधास दृष्टी दिली, कोड्यास बरे केले, मृतास उठविले. परंतु हे सारे परमेश्वराच्या अनुज्ञेने. पित्यावाचून जन्म झाला म्हणून ते देवपुत्र ठरत नाहीत. आदमास तर मातापिता दोन्ही नव्हते, असा कुराणाचा युक्तिवाद आहे. इस्लाम त्यांना मसीहा म्हणतो, ईश्वराचा शब्द म्हणतो, इंजील हा ग्रंथ त्यांना मिळाला असे मानतो. मात्र ईश्वराला कोणी पुत्र नाही, त्याला कोणी भागीदार नाही, हा जो एकेश्वराचा निर्धार, ज्यास तौहीद म्हणतात, त्यापुढे कोणतीही विभूती देवपदास पोचू शकत नाही. मुहंमद पैगंबरही नाहीत.

दुसरा भेद क्रूसाचा. शत्रूंना ईसांचा वध करता आला नाही, लोकांना तसा भास मात्र झाला, आणि परमेश्वराने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, ही बहुसंख्य मुसलमानांची श्रद्धा आहे. युगान्तापूर्वी ते पुन्हा पृथ्वीवर उतरतील, असे पैगंबरांच्या परंपरागत वचनांच्या आधारे मानले जाते. दमास्कस येथील प्राचीन मशिदीच्या एका मिनारास ईसांचेच नाव आहे.

या आदराची एक कथा इस्लामी इतिहासकारांनी सांगितली आहे. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्रापार हबशांच्या देशी गेले. आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळ ज्या भूमीत, तीच ही भूमी. तेथील राजा ख्रिस्ती होता. "तुम्ही येशूंविषयी काय मानता?" हा प्रश्न दरबारात आला. होकार दिला तर आश्रय मिळे, भेद सांगितला तर तो जाण्याचे भय. त्यांच्या पुढाऱ्याने मरियमचा अध्याय म्हणून दाखविला, आणि ईसा हे ईश्वराचे दास व प्रेषित होत, हेही स्पष्ट सांगितले. राजाने त्यांना आश्रय दिला. आम्ही गादीवरून जे सोपे केले, ते त्या निराश्रितांनी प्राणावर बेतले असतानाही सोपे केले नाही. हा विचार मनात येतो, तेव्हा मान खाली जाते.

भाविक वाचकहो, आपल्या घरी कोणाही थोर पुरुषास अवतार म्हणण्याची रीत आहे. त्यात भक्तिभाव आहे, तिरस्कार नाही. परंतु आपला शब्द दुसऱ्याच्या मुखी घालताना विचार हवा. आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त घालून दिली आहे. प्रतिपक्षाचे मत असे मांडावे की, त्याने ऐकून ‘हेच माझे मत’ असे म्हणावे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचला, त्याचा आरंभच चार्वाकापासून, म्हणजे वेद न मानणाऱ्यापासून केला. ज्यांचे खंडन करावयाचे, त्यांच्याविषयी जर इतका न्याय, तर ज्यांच्या बांधाला आपला बांध लागून आहे, त्यांच्याविषयी किती असावा?

याच कोकणभूमीतील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी गीता मराठीत आणली, आणि कुराण समजून घेण्यासाठी ते अरबी शिकले. १९६२ साली त्यांचे ‘कुराण-सार’ प्रसिद्ध झाले. त्यांनी ख्रिस्तधर्माचेही सार काढले. सारे एकच आहे, असे वरवर म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी मूळ ग्रंथ वाचण्याचे कष्ट घेतले.

शेवटी एक दृश्य. फतेपूर सिक्रीच्या मशिदीस बुलंद दरवाजा आहे. १६०१ साली खानदेशातील असीरगड जिंकून अकबर परतला, त्या विजयाचा लेख त्यावर कोरला आहे. नवल असे की, त्या विजयलेखाशेजारी मरियमपुत्र ईसांच्या नावे एक उपदेश आहे. हे जग म्हणजे पूल, त्यावरून पार जावे, त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय. हे वचन कुराणात नाही आणि ख्रिस्ती शुभवर्तमानांतही नाही. मुसलमान सत्पुरुषांच्या परंपरेत ते ईसांचे म्हणून चालत आले. जिंकलेल्या राज्याच्या अभिमानाशेजारी बादशहाने वैराग्याचा हा बोध ठेविला, आणि त्यासाठी त्यास ईसांचे नाव घ्यावेसे वाटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चाचा आता नाहीत. मुरबाडकडून परतताना काळू नदीचा पूल लागतो, तेव्हा त्यांची आठवण येते. देव कोण, या प्रश्नाला त्यांचे आणि आमचे उत्तर अखेरपर्यंत एक झाले नाही. तरीही पुढच्या साली सप्ताहात ते कडेच्या त्याच जागी येऊन बसले होते, आणि कीर्तन संपल्यावर म्हणाले, "बुवा, आज बरोबर." विद्वानांच्या सभेत मिळालेल्या कोणत्याही शालजोडीहून हे दोन शब्द आम्ही मोठे मानतो.