अपुऱ्या पुराणातले प्रमाण

ग्रंथकाराने स्वतः पुरा करून प्रसिद्ध केलेला ग्रंथ समोर असला, म्हणजे त्याच्या अर्थाविषयी वाद होतात. ग्रंथ कोणता, याविषयी सहसा होत नाहीत. परंतु ज्याने अर्धशतकाहून अधिक काळ एकाच कल्पित जगाचे पुराण रचले, पुनःपुन्हा मोडले आणि शेवटी अपुरेच ठेवून इहलोक सोडला, त्याच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच पडतो, की त्याचे म्हणणे म्हणून आपण प्रमाण काय मानावे?

ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन (१८९२-१९७३) हे असे ग्रंथकार होत. त्यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी १९३७ साली आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही महाकथा १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. या दोहोंच्या पाठीमागे सृष्टीची उत्पत्ती, देवता, अमर असे एल्फ लोक आणि चोरीस गेलेली तीन रत्ने यांचे एक विस्तृत पुराण उभे आहे. त्याचे लेखन पहिल्या महायुद्धाच्या काळातच सुरू झाले होते. पण ते टोल्किन यांच्या हयातीत छापले गेले नाही. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी गाय गॅव्हरिएल के या तरुणाच्या साहाय्याने हस्तलिखितांतून एक सलग ग्रंथ सिद्ध केला. तोच १९७७ साली निघालेला ‘द सिल्मरिलियन’. पुढे १९८३ ते १९९६ या काळात त्यांनीच वडिलांचे मसुदे १२ खंडांत प्रसिद्ध केले. आता वाचकापाशी एक ग्रंथही आहे, आणि त्याच ग्रंथाशी ठिकठिकाणी विसंगत असलेले मूळ कागदही आहेत.

या पेचातून सुटण्याचे तीन मार्ग सांगितले जातात. पहिला असा, की ग्रंथकाराने हयातीत जे छापले तेवढेच प्रमाण. हा मार्ग सरळ दिसतो खरा. पण ‘हॉबिट’चेच उदाहरण घ्या. १९३७च्या आवृत्तीत गॉलम हा प्राणी कोड्यांच्या खेळात हरतो आणि पैजेतली अंगठी सापडत नाही म्हणून बिल्बोला निमूटपणे बाहेरची वाट दाखवतो. पुढे ती अंगठी म्हणजे महाकथेतील सर्वनाशी सत्तेचे मूळ ठरली. तेव्हा ती कोणी सहजासहजी पैजेला लावील, हे असंभाव्य झाले. टोल्किन यांनी १९४७ साली त्या प्रकरणाचा नवा मसुदा केवळ नमुना म्हणून प्रकाशकांकडे पाठवला. १९५० साली नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, ती त्या मसुद्यासकट! त्यांनी तो बदल स्वीकारला आणि एक युक्ती योजली: जुनी हकीकत ही बिल्बोने सोबत्यांना सांगितलेली थाप होती, असे ठरवले. अशा रीतीने दोन्ही पाठ प्रमाण राहिले. एक सत्य म्हणून, दुसरा असत्य म्हणून.

तरीही छापील शब्दाचे बंधन टोल्किन स्वतः किती मानीत, हे पाहण्यासारखे आहे. उतारवयात त्यांनी नावांच्या शेवटी येणाऱ्या ‘रॉस’ या पदाची एक नवी व्युत्पत्ती विस्ताराने मांडली. मग लक्षात आले, की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात एका बेटाच्या नावातील याच पदाचा वेगळा उलगडा आपण पूर्वीच छापला आहे. तेवढ्यावरून त्यांनी ती उपपत्ती बहुतांशी बाद ठरवली.

दुसरा मार्ग असा, की ग्रंथकाराचे शेवटचे मत तेच प्रमाण. येथे ऑर्क या क्रूर जमातीचा प्रश्न उभा राहतो. दुष्टाला जीव निर्माण करता येत नाही, असलेला बिघडवता मात्र येतो, हे या पुराणाचे आधारतत्त्व. मग ऑर्क आले कोठून? ‘सिल्मरिलियन’ सांगते, की पकडलेल्या एल्फांना छळून ते घडवले. हे उत्तर टोल्किन यांना पुढे पटेनासे झाले. पशू, मानव असे निरनिराळे पर्याय त्यांनी चाचपून पाहिले. ही नुसती वंशावळीची बाब नव्हे. ऑर्काला आत्मा आहे काय, आणि असल्यास त्याला क्षमा आहे काय, हा नीतीचा प्रश्न तिच्यात दडलेला आहे. परंतु ऑर्क मानवांपासून झाले म्हणावे, तर मूळ कथेत मानव सूर्याच्या पहिल्या उदयाबरोबर जागे होतात आणि ऑर्क त्याआधीच वावरत असतात. म्हणजे सूर्याची कथाही बदलावयास हवी. टोल्किन यांनी तोही विचार केला: सूर्य आरंभापासूनच होता, आणि दिव्य वृक्षाच्या अखेरच्या फळातून तो झाला ही मानवांची ऐकीव दंतकथा. जुनी इमारत अशी उकलू लागली. नवी उभी राहिली नाही. शेवटच्या मतालाच प्रमाण मानणाऱ्याच्या हाती मग ग्रंथ उरत नाही, शंका उरतात.

तिसरा मार्ग म्हणजे पुत्राने सिद्ध केलेला ग्रंथ प्रमाण मानणे. पण त्याविषयी सर्वांत कठोर परीक्षक खुद्द ख्रिस्तोफर हेच आहेत. डोरिअथ राज्याच्या नाशाची सविस्तर कथा वडिलांनी १९३० नंतर पुन्हा लिहिलीच नव्हती. ते प्रकरण बरेचसे संपादकांनी रचले. संपादकाची मर्यादा इतकी न ओलांडता मार्ग काढावयास हवा होता, असे मत ख्रिस्तोफर यांनी १९९४ साली नोंदवले. गिल-गॅलड राजाला त्यांनी फिंगॉनचा पुत्र केले. वडिलांच्या अखेरच्या टिपणात तो ओरॉड्रेथचा पुत्र आहे. पण ते टिपण मूळ कथांत कोठेच उतरले नसल्यामुळे ग्रंथात घालणे अशक्य होते. राजाचे पितृत्व संदिग्ध ठेवले असते तर फार बरे झाले असते, असे त्यांनी १९९६ साली लिहिले.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना येथे पुण्याच्या भांडारकर संस्थेची, १९६६ साली पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवेल. तेथे प्रती अनेक, हात अनेक, आणि शोध होता उपलब्ध प्रतींतून गाठता येईल अशा प्राचीनतम पाठाचा. येथे हात एकच आहे. त्यामुळे जुना पाठ अस्सल आणि नंतरचा प्रक्षिप्त, असे म्हणताच येत नाही.

माझ्यासारख्या सरकारी नोकराला हा पेच थोडा ओळखीचा वाटतो. कचेरीच्या फायलीत टिपणे असतात, मसुदे असतात, आणि सही होऊन बाहेर पडलेला हुकूम असतो. शेवटचे टिपण हुकुमानंतरचे असले, तरी नवा हुकूम निघेपर्यंत ते हुकूम रद्द करीत नाही. पण म्हणून कोणी टिपणे जाळून टाकीत नाही. हुकुमामागचा हेतू त्यांतूनच कळतो. टोल्किन यांच्या लेखनालाही हाच न्याय लावावा. त्यांनी स्वतः छापले त्याचा अधिकार पहिला. ज्या कथा त्यांनी सलग लिहून ठेवल्या, त्यांचा दुसरा. सुटी टिपणे तिसरी. संपादकाने जोडलेला दुवा उपयुक्त खरा, पण तो संपादकाचा आहे हे सांगूनच वापरावा. ‘ऑर्क कसे झाले?’ असे कोणी विचारले, तर एकच उत्तर ठोकून न देता, कोणत्या साली, कोणत्या कागदात, काय म्हटले आहे ते सांगावे.

यात वाचकाची थोडी गैरसोय होते, हे खरे. पण उरलेले सारे खोटे ठरवून एकच पाठ खरा मानला, तर बदलत गेलेले मन आपल्या दृष्टीआड होते. आणि सारेच सारख्या तोलाचे मानले, तर ग्रंथकाराच्या नावावर कोणीही काहीही खपवील. अपुऱ्या ग्रंथाचा मान त्याला पुरा ठरवण्यात नाही. तो कोठे आणि का थांबला, हे प्रामाणिकपणे दाखवण्यात आहे.