कोनाडा कोणी खणला?

यंत्रमागांचा खडखडाट थोपवायला खिडक्या लावून घ्यायच्या आणि मग भिवंडीत 'निश' शिकवायचा. फळ्यावर मी भिंत काढतो, भिंतीत कोनाडा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तोच. आमच्या घरी कोनाड्यात रॉकेलची चिमणी असे. तिच्या उजेडात घराण्यातला पहिला पदवीधर झालो, त्यामुळे हा अर्थ मला पुस्तकात शोधावा लागला नाही.

जोसेफ ग्रिनेलने 1917 साली कॅलिफोर्नियातील एका पक्ष्याच्या राहणीसंबंधी हा शब्द वापरला. 1927 साली चार्ल्स एल्टनने प्राणी काय खातो, त्याला कोण खातो, हे त्यात आणले. यूजीन ओडमने पुढे सोपे करून सांगितले: अधिवास म्हणजे पत्ता, निश म्हणजे धंदा.

पत्ता आणि धंदा! आमच्या पोरांना जात आठवणार नाही तर काय? एकाने विचारलेच, "सर, गटार साफ करणं हा आमचा निश का?" त्याचे वडील सफाई कामगार.

प्रश्न पोरकट नव्हे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1983 साली जातिव्यवस्थेकडे याच नजरेने पाहिले. फासेपारधी फाशांत हरणे धरीत, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुकरे मारीत, वैदू लहान प्राणी पकडीत. माळ एकच, पण शिकार वेगळी, म्हणून टक्कर कमी. निरीक्षण मोलाचे आहे. पण माळावरून गावात आले की हिशेब बदलतो. मेलेले ढोर ओढणाऱ्याने ते काम वाटून घेतले नव्हते. नाकारले तर बहिष्कार होता. ही श्रमांची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच 'जातिनिर्मूलना'त मांडले होते.

खुद्द शास्त्रानेही पुढे एक भेद केला. जीव जिथे जगू शकतो तो मूलभूत निश. इतरांच्या रेट्याने जेवढ्यात उरतो तो प्रत्यक्षातला. हा भेद हचिन्सनने 1957 साली मांडला. 1961 साली जोसेफ कॉनेलचा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा प्रयोग छापून आला. खडकाला चिकटणाऱ्या, कवचाच्या बार्नकल प्राण्याच्या तिथे दोन जाती. (मराठीत यांनाही आपण जातीच म्हणतो!) त्यांतली एक कायम वरच्या कोरड्या पट्ट्यात. तिला तेच मानवते, असे कोणीही म्हटले असते. पण तिची पिल्ले खाली ओल्या खडकावरही येऊन चिकटत. दुसरी जात त्यांना चिरडून, उखडून टाकी. कॉनेलने खडकाच्या काही भागावरून ही दुसरी जात काढून टाकली. तिथे पिल्ले तगली.

त्या मुलाला मी हा खडक फळ्यावर काढून दाखवला.