हसऱ्या गणितींची मांदियाळी

१९३१-३२ च्या सुमारास संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध छापून आला. विषय होता बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार. लेखक होते मूळचे गोव्याचे, तेव्हा ऐन पंचविशीतले दामोदर धर्मानंद कोसंबी. पुढे इतिहासकार म्हणून त्यांचं नाव झालं. त्या वेळी ते अलीगढला गणित शिकवत होते. निबंधात ज्या रशियन बूर्बाकीचा हवाला दिला होता, तो कधी जन्मलाच नव्हता. एका सहकाऱ्याची जिरवावी म्हणून ही कल्पना सुचवली होती आंद्रे व्हेय या फ्रेंच गणितज्ञाने. कोसंबींपेक्षा जेमतेम वर्षाने मोठा असलेला व्हेय तेव्हा अलीगढला विभागप्रमुख होता.

बूर्बाकी हे नाव त्याने पॅरिसहून आणलं होतं. १९२३ मध्ये तिथल्या एकोल नॉर्मालमध्ये राऊल ह्यूसाँ नावाच्या विद्यार्थ्याने खोटी दाढी लावून नवागतांना एक भारदस्त, पण मुद्दाम घोटाळ्यांनी भरलेलं व्याख्यान दिलं. त्यातल्या प्रमेयांना त्याने फ्रेंच सेनापतींची नावं दिली होती आणि शेवटचं प्रमेय होतं बूर्बाकीचं. १९३४ च्या डिसेंबरात व्हेय आणि त्याचे मित्र पॅरिसच्या एका कॅफेत जमले आणि विश्लेषणाचं नवं पाठ्यपुस्तक लिहायचं त्यांनी ठरवलं. लेखक म्हणून त्यांनी नाव निवडलं निकोला बूर्बाकी. त्यातून उभी राहिलेली ग्रंथमाला विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी गणिती लेखनात मोडते. पन्नाशी गाठली की मंडळातून निवृत्त व्हायचं, असा दंडकही त्यांनी घालून घेतला. बूर्बाकीने अमेरिकन गणित संस्थेकडे सदस्यत्वासाठी रीतसर अर्जसुद्धा केला. संस्थेने तो नाकारला आणि हवं तर मंडळ म्हणून अर्ज करा, असं कळवलं. बूर्बाकी हा एक माणूस नसून मंडळ आहे, असं राल्फ बोआस या अमेरिकन गणितज्ञाने छापून टाकलं, तेव्हा मंडळाने उलट हूल उठवली, की बोआस नावाचा माणूसच अस्तित्वात नाही!

पण बोआसही काही कमी नव्हते. १९३८ मध्ये त्यांनी आणि फ्रँक स्मिथीज यांनी प्रिन्स्टनमध्ये एच. पेटार या टोपणनावाने वाळवंटातला सिंह पकडण्याच्या गणिती रीतींवर एक लेख लिहिला. तो ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त छापून आला. त्यातली एक रीत अशी : वाळवंटाचे दोन भाग करा. सिंह त्यांपैकी एकात असणारच. त्या भागाला कुंपण घाला, त्याचे पुन्हा दोन भाग करा आणि हेच करत राहा. शेवटी सिंह हव्या तेवढ्या लहान कुंपणात सापडतो. दुसरी रीत त्याहून बहारदार. आपण स्वतः गोलाकार पिंजऱ्यात शिरून आतून कडी लावायची आणि मग भूमितीतलं व्युत्क्रमण करायचं. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जातं. म्हणजे सिंह पिंजऱ्यात आणि आपण मोकळे. यातलं गणित पक्कं आहे. पहिली रीत म्हणजे बोल्झानो-वायरस्ट्रास प्रमेय सिद्ध करताना वर्गात शिकवतात तीच निम्मेनिम्मे करण्याची युक्ती. ज्याला ते प्रमेय नीट कळलंय, त्यालाच हा विनोद पुरता कळतो.

पोलंडमधल्या तेव्हाच्या ल्वूव्ह शहरात, आजच्या युक्रेनमधल्या ल्विवमध्ये, असाच एक अड्डा होता. स्कॉटिश कॅफेच्या संगमरवरी टेबलांवर श्टेफान बानाख आणि त्यांचे मित्र पेन्सिलीने गणितं मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी ती पुसलेली असायची. म्हणून बानाखच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. १९३५ ते १९४१ या काळात त्या वहीत प्रश्न लिहिले गेले आणि कितीतरी प्रश्नांपुढे बक्षिसंही लागली : कुठे वाइनची बाटली, कुठे जेवण. ६ नोव्हेंबर १९३६ रोजी या मित्रांपैकी मझूर यांनी १५३ वा प्रश्न लिहिला आणि बक्षीस लावलं एक जिवंत हंस. मधे महायुद्ध होऊन गेलं, शहर दुसऱ्या देशात गेलं, बानाख १९४५ मध्ये वारले. १९७२ मध्ये स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी तो प्रश्न सोडवला आणि मझूर यांनी वॉर्सात समारंभपूर्वक त्यांच्या हाती हंस ठेवला. छत्तीस वर्षांपूर्वी थट्टेत दिलेला शब्द त्यांनी पाळला.

पॉल एर्डिश (१९१३-१९९६) हा तर चालताबोलता अड्डाच. या हंगेरियन गणितज्ञाला घर नव्हतं, कायमची नोकरी नव्हती. एक सुटकेस घेऊन तो देशोदेशीच्या गणितींच्या दारात उभा राहायचा आणि लगेच प्रश्न काढून बसायचा. सुमारे पंधराशे शोधनिबंध आणि पाचशेहून अधिक सहलेखक ही त्याची मिळकत. लहान मुलांना तो ‘एप्सिलॉन’ म्हणायचा, कारण गणितात अगदी छोट्या राशीला तेच अक्षर वापरतात. कठीण प्रश्नांवर तो पदरचे पैसे लावायचा. एन्द्रे सेमेरेदी यांना त्याने एका प्रश्नासाठी हजार डॉलर दिले. त्याच्याशी सहलेखनाचं नातं किती पिढ्यांचं, हे मोजणारा ‘एर्डिश अंक’ गणिती आजही अभिमानाने सांगतात.

आता आपल्या अंगणातले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणूत जन्मलेले, फर्ग्युसनचे पदवीधर आणि देवळालीचे शाळामास्तर. डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असं एका संख्याकुळाचं बारसं केलं. त्यांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. त्यांचं जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. तिथून पुढे तेच उत्तर येत राहतं. कोणतीही संख्या सातहून अधिक पायऱ्या घेत नाही. विद्यापीठीय पंडितांनी या आकड्यांच्या नादाकडे दुर्लक्ष केलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर पोहोचलं.

कोसंबी, बोआस, मझूर, एर्डिश, कापरेकर. या सगळ्यांत समान धागा एकच : निर्भयता. गणितात खरं-खोटं सिद्धता ठरवते. पद, वय आणि दरारा तिथे चालत नाही. म्हणून तिथे खोटी दाढी लावता येते, हंस पैजेला लावता येतो आणि शाळामास्तरही जगाला नवी संख्या देऊ शकतो. आपल्या वर्गांत मात्र गणित भीती आणि गुण यांच्या कचाट्यात सापडलं आहे, आणि त्याची किंमत मुलं मोजत आहेत. शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : आठवड्यातला एक तास गुणांविना, निव्वळ खेळण्यासाठी ठेवा. सुरुवात ६१७४ पासून करा. एखादं मूल ‘असं का होतं?’ म्हणून विचारेल, तेव्हा घाईने उत्तर देऊ नका. त्याच्याबरोबर पाटीपेन्सिल घेऊन बसा.