दिवाणखान्यांतील खर्ज

बैठकींत तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाकडे श्रोत्यांचें सहसा लक्ष जात नाहीं. पण त्याची एक तार उतरूं द्या, कीं सारी सभा अस्वस्थ होते. घरांतील संगीतयंत्रांत हल्लीं ‘सबवूफर’ नांवाची जी चौकोनी पेटी येऊन बसली आहे, तिची योग्यता या तंबोरेवाल्याइतकीच आहे. ती वाजते आहे असें कळतां कामा नये. ती बंद केली म्हणजे मात्र कांहीं तरी हरवलें असें वाटलें पाहिजे. ही साधी गोष्ट उमगावयाला आमच्या घराला जवळ जवळ चार महिने लागले, आणि तेवढ्या अवधींत घरांतील एका वडील माणसाची संध्याकाळ आम्हीं हिरावून घेतली होती. तो अनुभव आमच्यासारख्या इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु, ज्यांना सारें घर अण्णा म्हणतें, यंदा ८३ वर्षांचे आहेत. तरुणपणीं त्यांनीं तबल्याची तालीम घेतली होती. रोज दिवेलागणीनंतर त्यांच्यासाठीं गाणें किंवा तबल्याचें एकल वादन लावावयाचें, आणि घरांतल्या मंडळींनीं जमेल तसें येऊन बसावयाचें, हा आमच्याकडचा जुना परिपाठ. गेल्या दिवाळींत पुतण्यानें मोठ्या हौसेनें नवा अँप्लिफायर, दोन स्पीकर व एक सबवूफर आणला. पहिल्याच रात्रीं चित्रपटांतील स्फोटानें कपाटांतलीं भांडीं किणकिणलीं व मुलांनीं टाळ्या पिटल्या. पण आठ दिवस झाले नाहींत तोंच अण्णा “जरा पडतों” असें सांगून संध्याकाळीं आपल्या खोलींत जाऊं लागले. कोणी फारच विचारलें तर म्हणत, “घुमतें फार, शब्द कळत नाहींत.” वय झालें, असें म्हणून आम्ही स्वस्थ बसलों.

पुढें त्यांना कर्णतज्ज्ञांकडे नेलें तेव्हां खरा उलगडा झाला. उतारवयांत प्रथम उच्च स्वरांचें श्रवण मंदावतें. खालचे स्वर त्या मानानें पुष्कळ दिवस नीट ऐकूं येतात. शब्द ओळखूं येतात ते बव्हंशीं स, श, त, क अशा व्यंजनांच्या बारीक आवाजांवरून, आणि वृद्धांना नेमके तेच आवाज दुर्लभ होतात. त्यांत आणखी एक गोष्ट अशी कीं, खालचा आवाज जोराचा झाला म्हणजे तो आपल्यावरच्या आवाजांना झांकून टाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झांकीत नाहीं. अर्थात् दिवाणखान्यांत खर्ज अनावर झाला कीं तरुणांना गंमत वाटते, पण अण्णांसारख्यांच्या हातीं उरलेलें थोडें देखील निघून जातें. उलट, तोच खर्ज प्रमाणांत असेल तर त्यांना सर्वांत स्पष्ट ऐकूं येणारी वस्तु तीच. तेव्हां दोष पेटीचा नव्हता, वयाचाहि सर्वस्वी नव्हता. पेटी कशी बसवावी याचा आम्हीं विचारच केला नव्हता.

मुळांत ही वेगळी पेटी लागते कशाला, हें प्रथम पाहूं. ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या हर्ट्झमध्यें सांगतात. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यांत जोडीच्या तारा सुमारें १३९ हर्ट्झच्या षड्जाला मिळविलेल्या असतात, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९ हर्ट्झला. डग्ग्याची घुमकहि साधारणपणें याच मुलुखांत खेळते. शंकु हलवून आवाज काढणारा आजच्या धर्तीचा लाउडस्पीकर चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं पुढें मांडला. त्या वेळची एक अडचण आजहि कायम आहे: स्वर एक सप्तक खालीं गेला, तर तितकाच जोर राखण्यासाठीं शंकूला चौपट अंतर मागेंपुढें हलावें लागतें. फळीवर मावणाऱ्या लहान स्पीकरला तें झेपत नाहीं. म्हणून खालचें काम मोठ्या शंकूच्या स्वतंत्र पेटीकडे सोंपवितात. फार खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नसल्यामुळें अशी एकच पेटी पुरते, व ती दृष्टीआड ठेवली तरी चालते.

एकत्र कुटुंबांत कामें वांटतांना जी काळजी घ्यावी लागते, तीच येथें घ्यावी लागते. एकाचें काम कोठें संपतें व दुसऱ्याचें कोठें सुरू होतें, हें ठरलेलें असावें. या हद्दीला क्रॉसओव्हर म्हणतात. लहान स्पीकर असल्यास ८० हर्ट्झ ही हद्द पुष्कळ घरांत सोयीची ठरते. स्पीकर अगदींच लहान असतील तर ती १०० किंवा १२० पर्यंत वर न्यावी, पण तितक्या उंचीवर पेटीची जागा कानाला कळूं लागते. आमची पहिली चूक येथेंच होती. पुतण्यानें अँप्लिफायरमध्येंहि हद्द लावली होती व पेटीच्या पाठीमागील बटणानेंहि, त्यामुळें एकाच कामाला दोन कारभारी झाले होते. अँप्लिफायर हें काम करीत असेल तर पेटीवरील हद्दीचें बटण शेवटच्या आंकड्यापर्यंत फिरवून बाजूस सारावें, आणि यंत्रांत स्पीकरांची नोंद ‘लहान’ अशी करावी.

दुसरी चूक जागेची. ८० हर्ट्झची एक ध्वनिलहर सुमारें १४ फूट लांब असते, ४० हर्ट्झची २८ फूट. अशा लहरींपुढें आपला दिवाणखाना म्हणजे डबीच. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून त्या परत येतात, व खोलीच्या मापाला जुळणारे स्वर नको तितके फुगतात. आमची खोली १६ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच. गणित केलें तर लांबीमुळें सुमारें ३५, रुंदीमुळें ४७ व उंचीमुळें ५७ हर्ट्झ हे स्वर फुगावयाचे; शिवाय लांबीचा दुसरा स्वर ७१ चा, म्हणजे अण्णांच्या तंबोऱ्याच्या खर्जाला अगदीं लागून! भिंतीपाशीं ही फुगवट सर्वांत अधिक असते, आणि अण्णांची आरामखुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली. पेटी तर आम्हीं कोपऱ्यांत ठेवली होती, जेथून खोलीचे सारेच स्वर एकदम चेतवले जातात. घुमेल नाहीं तर काय होईल?

जागा शोधण्याची एक रीति आहे, ती दिसावयाला हास्यास्पद पण पक्की शास्त्रशुद्ध आहे. श्रोता जेथें बसतो तेथें पेटी ठेवावी, आणि पेटी जेथें ठेवतां येण्यासारखी असेल त्या जागांवरून आपण गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीलगत ठेवून ऐकत जावें. जेथें खालचा प्रत्येक स्वर सारख्या जोरानें व स्पष्ट ऐकूं येईल, तेथें पेटी न्यावी. ध्वनि सोडणारा व ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी मधली वाट तीच राहते, हा जो परस्परतेचा नियम लॉर्ड रॅले यांनीं आपल्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथांत मांडला आहे, त्याचाच हा घरगुती उपयोग. आम्हीं प्रथम आरामखुर्ची भिंतीपासून ३ फूट पुढें घेतली, तिच्या जागीं पेटी ठेवली, आणि साठी उलटलेला मी दिवाणखानाभर रांगलों. धाकट्या नातवानें लगोलग पाठीवर स्वारी केली, हें सांगावयाला नकोच. शेवटीं पुढच्या भिंतीशीं, कोपऱ्यापासून सुमारें ४ फुटांवरची जागा निश्चित झाली.

तिसरी गोष्ट ताल जुळण्याची. हद्दीच्या स्वराला दोन्ही पेट्या एकदमच वाजत असतात. सिग्फ्रीड लिंकविट्झ व रस रायली या अभियंत्यांनीं १९७६ सालीं जी विभागणी सुचविली, तींत हद्दीवर प्रत्येकानें निम्मा दाब द्यावयाचा व दोघांचा मिळून पूर्ण व्हावयाचा, अशी योजना आहे. पण हें साधतें केव्हां? दोघे एका वेळीं एकाच दिशेनें हवा ढकलतील तेव्हां. एक ढकलीत असतां दुसरा ओढूं लागला, तर बेरजेऐवजीं वजाबाकी होते. ८० हर्ट्झची अर्धी लहर ७ फुटांची. तेवढ्या अंतराइतका उशीर झाला कीं तो स्वर जवळ जवळ नाहींसाच होतो. यासाठीं पेटीवर ० व १८० अंशांचा खटका असतो. ८० हर्ट्झचा अखंड स्वर लावून एकानें खुर्चीवर बसावें व दुसऱ्यानें खटका फिरवावा; ज्या बाजूस आवाज अधिक, ती बाजू बरोबर. अधिक बारकाईनें करावयाचें असेल तर खटका मुद्दाम चुकीच्या बाजूस ठेवून, यंत्रांतील पेटीच्या अंतराचा आंकडा थोडा थोडा बदलीत जावें व आवाज कमींत कमी कोठें होतो तें पाहावें. कान जास्तीत जास्तपेक्षां कमींत कमी अधिक अचूक ओळखतो. तो आंकडा सांपडला कीं खटका परत फिरवावा. हा आंकडा फितीनें मोजलेल्या अंतराहून बहुधा मोठा निघतो, कारण पेटीच्या आंतील विद्युद्यंत्रणेचाहि थोडा विलंब त्यांत असतो.

चौथी व सर्वांत मोहाची गोष्ट जोराची. पैसे खर्चून आणलेली वस्तु ऐकूं यावी, असें कोणाला वाटत नाहीं? आम्हीं मोजलें तेव्हां सबवूफर स्पीकरांहून १० डेसिबेल चढा होता. शक्तीच्या हिशेबानें दसपट! मोजण्यासाठीं अँप्लिफायरमधील परीक्षेचा सों सों आवाज एकेका पेटीवर लावावा व ध्वनिमापकावर सर्वांचा आंकडा सारखा आणावा. मापक ‘सी’ या मापावर ठेवावा. ‘ए’ हें माप ४० हर्ट्झचा आवाज सुमारें ३५ डेसिबेलनें कमी धरतें. त्यावर विसंबल्यास खर्ज वाढवीतच जाल. मोबाईलवरचे मापकहि खालच्या आवाजांना पुष्कळदां फसतात, म्हणून त्यांचा आंकडा प्रमाण मानूं नये. अँप्लिफायरबरोबर मायक्रोफोन मिळाला असेल तर त्याची मदत अवश्य घ्यावी; मात्र पेटी कोठें ठेवावी हें तो ठरवीत नाहीं. शिवाय फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविल्याप्रमाणें, एकूण आवाज हळू केला कीं कानाला खर्ज अधिकच कमी ऐकूं येतो. म्हणून घरांत नेहमीं ज्या जोरावर ऐकतों, त्याच जोरावर शेवटची पारख करावी.

ती पारख आम्हीं कोणत्याहि यंत्रानें केली नाहीं. ती अण्णांनीं केली. तबल्याचें वादन लावलें. डग्ग्यावर मनगटाचा दाब देत वादक जेव्हां घिस्सा घेतो, तेव्हां स्वर खालून वर अखंड चढत जातो, आणि दोन पेट्यांच्या हद्दीच्या आसपासचा टापू तो सहज ओलांडतो. जुळणी बिघडलेली असेल तर मध्यें खड्डा पडतो, किंवा एकादाच स्वर उसळी मारतो. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. “मधें अडखळतें,” ते म्हणाले. पुतण्यानें अंतराचा आंकडा किंचित् बदलला. “आतां?” “आतां हात एकच वाटतो.” तेवढ्यांत वहिनी उठल्या व कपाटाच्या कांचेच्या दारावर तळहात ठेवून म्हणाल्या, “आणि ही कुरकुर कोण ऐकायची?” दाराच्या फटींत कागदाची घडी बसविली, तेव्हां आम्हीं पेटीचा म्हणून मानलेला एक दोषहि नाहींसा झाला.

एक गोष्ट शेजाऱ्यांविषयीं. खर्ज भिंतींना फारसा जुमानीत नाहीं. वरच्या मजल्यावर गाणें पोंचत नाहीं, पण धपधप पोंचते. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळेसाठीं निवासी भागांत ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. परंतु ती वर सांगितलेल्या ‘ए’ मापावर मोजावयाची असल्यानें खर्जाला तींत हलकें लेखलें जातें. नियम पाळूनहि शेजाऱ्याची झोंप मोडणें शक्य आहे. दहा वाजले कीं आमच्याकडे पेटी बंद होते.

या साऱ्यानें अण्णांचे कान तरुण झाले नाहींत. बोल अजून सुटतात, आणि कर्णयंत्र लावावयाला ते कुरकुर करतात. पण आरामखुर्ची संध्याकाळीं रिकामी नसते. परवां दहाला पुतण्यानें पेटी बंद केली, गाणें तसेंच चालूं होतें. अण्णांनीं डोळे उघडले आणि विचारलें, “डग्गा कोठें गेला रे?”